रानाशेजारी बसून निसर्गाची पुस्तके वाचताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असलेल्या आमच्या गावच्या मराठी वाचनालयात कादंबऱ्या, चरित्रे आणि संतवाङ्मय यांना वाचकांची कधी वानवा नव्हती. निसर्गविज्ञानाच्या पुस्तकांचा खण मात्र भरलेला असूनही क्वचितच उघडला जात असे. प्रौढ वाचक म्हणत, "रान तर आमच्या दारात आहे, ते पुस्तकात कशाला वाचायचे?" शाळेतील मुलांना ती पुस्तके अभ्यासक्रमाचाच वाढीव भाग वाटत. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या समितीने या खणाची जबाबदारी माझ्याकडे दिली, तेव्हा ही पुस्तके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा आग्रह सोडून द्यायचा, असे आम्ही ठरवले. ज्या आठवड्यात जे बाहेर दिसते किंवा ऐकू येते, त्याविषयीचे प्रकरण त्याच आठवड्यात मोठ्याने वाचायचे, वाचून झाल्यावर बाहेर पडून ते पाहायचे आणि पाहिलेले वहीत लिहायचे, एवढीच आमची पद्धत होती. दर रविवारी दुपारी भरणाऱ्या या बैठकीला शाळकरी मुले, दोन-तीन शेतकरी, अंगणवाडीत काम करणाऱ्या ताई आणि निवृत्त झालेले एक रेल्वे कर्मचारी नियमाने येऊ लागले. त्या वाचनाची हकिकत येथे लिहीत आहे, कारण लोकप्रिय विज्ञानाचे पुस्तक चांगले केव्हा म्हणावे याविषयीचे माझे मत या बैठकांत घडले.

आमच्या भागाचा भूगोल आधी सांगणे आवश्यक आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, तर त्याच डोंगररांगेत भीमगडच्या बाजूला उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. कणकुंबी, आमगाव, जांबोटी या पट्ट्यात बेळगाव शहराच्या दोन-तीन पट पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागकडे तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सदाहरित रान, पानझडी जंगल, जांभ्या दगडाचे उघडे सडे, भाताची खाचरे आणि काळ्या मातीचे माळ हे सारे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. त्यामुळे पुणे किंवा विदर्भ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या पुस्तकातील फुलण्याचे, पाखरे येण्याचे आणि पानगळीचे महिने आमच्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुस्तक चुकीचे नसते, पण ते कोणत्या भूमीवर उभे राहून लिहिले आहे हे वाचकाने ओळखावे लागते, आणि हे ओळखणे हाच आमच्या वाचनाचा पहिला धडा ठरला.

पुस्तके निवडताना आम्ही काही कसोट्या लावल्या. प्राण्याचे किंवा वनस्पतीचे शास्त्रीय नाव दिले आहे का, सूची आहे का, प्रकाशनाचे वर्ष स्पष्ट आहे का, हे पाहणे सोपे होते. अवघड आणि अधिक महत्त्वाची कसोटी अशी होती, की लेखक स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि अनुमानाने काढलेले वेगवेगळे ठेवतो की नाही. या कसोटीवर देखण्या छायाचित्रांची कित्येक पुस्तके मागे पडली. "हा पक्षी अत्यंत बुद्धिमान असतो" असे वाक्य लिहून पुढे निघून जाणारे पुस्तक वाचकाच्या हाती काहीच देत नाही. त्याने काय केले, कोणी पाहिले, किती वेळा पाहिले, हे सांगणारे पुस्तक वाचकाला स्वतः पाहण्याची वाट दाखवते. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झाले, आणि आजही ते उघडले की पक्ष्याचा आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून सांगण्याची त्यांची रीत शाळेतल्या मुलाला लगेच उपयोगी पडते. कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरचे २००० साली आलेले पुस्तक इंग्रजीत असले, तरी ते समोर ठेवून मी मराठीत सांगत असे. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ सालचे 'ऋतुचक्र' विज्ञानाच्या खणातले नाही. तरीही महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी पाहण्याची नजर त्याने दिली, म्हणून आम्ही ते त्याच खणात आणून ठेवले, आणि हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. मुंबई इलाख्याचा बेळगावविषयीचा १८८४ सालचा गॅझेटियर आणि थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेला इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ हे दोन्ही लोकप्रिय वाचनाचे नव्हेत. मात्र बेळगाव तेव्हा त्या इलाख्यात असल्यामुळे आपल्याच भागाचे नाव त्यांत वारंवार भेटते, आणि संदर्भासाठी त्यांच्या संगणकावरील प्रती आम्ही जवळ ठेवल्या.

वाचनाची सुरुवात वैशाखात झाली, त्यामुळे पहिला विषय आपोआपच पावशाचा निघाला. "पेरते व्हा, पेरते व्हा" अशी त्याची हाक आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटेपासून, चांदण्या रात्रीही, ऐकू येते. पुस्तकात वाचले की हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे, स्वतः घरटे बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, आणि त्याचे ओरडणे हे विणीच्या हंगामातले नराचे ओरडणे असते. हे ऐकून बैठकीतले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "सर, पावशा ओरडला की शेताकडे जायचं, हे आमच्या आज्ज्याच्या काळापासून चालत आलंय की. मग ते खोटं म्हणायचं काय?" या प्रश्नाला घाईने उत्तर देण्यासारखे नव्हते. आम्ही पावशाची पहिली हाक, वळवाचा पहिला पाऊस, सातभाई चोचीत काड्या नेताना दिसले तो दिवस आणि गावात पेरणी सुरू झाली तो दिवस यांच्या नोंदी ठेवल्या. हाक पावसाच्या बरीच आधी सुरू होत होती, म्हणजे ती पावसाची वर्दी म्हणता येत नव्हती. आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी होते, म्हणजे मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच कोरड्या मातीत बी टाकले जाते, आणि त्या पेरणीची मशागत जेव्हा चाललेली असते नेमके तेव्हा पावशाचे ओरडणे टिपेला पोहोचलेले असते. पक्षी स्वतःच्या विणीसाठी ओरडतो, शेतकरी स्वतःच्या बियाण्यासाठी ऐकतो, आणि दोघेही एकाच ऋतूच्या चालीवर अवलंबून असल्यामुळे दोघांची वेळ जुळते. त्या शेतकऱ्यांनी नोंदी पाहून सांगितले, "पावशा पेर म्हणत नाही हो, कुळव तयार ठेव म्हणतो." पुस्तक आणि परंपरा यांच्यात एकाला खरे व दुसऱ्याला खोटे ठरवण्याची घाई न करता दोघांनाही काळाच्या नोंदींसमोर उभे केले, तर किती समजते, हे या पहिल्याच विषयात सर्वांच्या लक्षात आले. त्या दिवसापासून ते शेतकरी एकही बैठक चुकवीत नाहीत.

श्रावण-भाद्रपदात जांभ्या दगडाच्या सड्यांवर जी फुले येतात त्यांविषयी अलीकडे भरपूर लिहिले जाते, पण बहुतेक लेखन फुलांच्या रंगांपाशी थांबते. आम्हाला त्या फुलांच्या मुळाशी असलेला प्रश्न वाचायचा होता: इतक्या उथळ, धुतल्या गेलेल्या, नत्र नसलेल्या मातीत या वनस्पती जगतात कशा? सड्यावरच्या दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब धरलेले केस असतात आणि त्यांवर बारीक कीटक अडकतात. 'सीतेची आसवे' या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वनस्पतीचे सापळे तर ओल्या मातीत दडलेले, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या फुग्यांच्या रूपात असतात, आणि त्यांच्या झडपेजवळच्या केसाला सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पाण्यासह तो जीव आत ओढला जातो. चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींवरचे आपले पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध केले. त्यात दवबिंदूच्या पानावर मांसाचे कण, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, काचेचे कण असे निरनिराळे पदार्थ ठेवून त्यांनी काय पाहिले, याची तपशीलवार हकिकत आहे. त्यातील एक प्रकरण मी मराठीत समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सड्यावर जाऊन आम्ही एका पानावर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा मोहरीहून लहान कण आणि शेजारच्या पानावर वाळूचा कण ठेवला. संध्याकाळी गुरे परत नेताना मुलांनी पाहिले, तर अंड्याच्या कणाभोवती केस आत वळले होते. वाळूवरचे केस किंचित वळून नंतर सरळ होऊ लागले होते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका माणसाने आपल्या घरी पाहिलेली गोष्ट आपल्या सड्यावर तशीच घडते, हे पाहून मुलांना झालेला आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही. त्यांपैकी एका मुलीने लगेच विचारले, की कीटक मिळाला नाही तर हे झाड मरते का. या प्रश्नाचे उत्तरही वाचनातच मिळाले: डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मांसाचे कण मिळालेल्या झाडांना न मिळालेल्या झाडांपेक्षा अधिक बिया धरल्या होत्या. म्हणजे न खाताही झाड जगते, पण खाल्ले तर वंश अधिक वाढतो. चांगल्या पुस्तकाचे लक्षण मला येथे दिसते. निष्कर्षाबरोबरच तो निष्कर्ष कसा हाती आला हेही ते सांगते, आणि म्हणूनच तो पुन्हा तपासता येतो.

सर्वांत दीर्घ आणि सर्वांत समृद्ध वाचन घडले ते मात्र रानात न जाता, वाचनालयाच्या मागच्या परसातील कढीपत्त्याच्या झाडावर. कुंटे यांच्या पुस्तकात प्रत्येक फुलपाखराची अळी कोणत्या वनस्पतीवर वाढते हे दिलेले आहे, आणि कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराच्या खाद्य वनस्पतींत लिंबू आणि कढीपत्ता यांची नावे वाचताच मुले उठून परसात गेली. कोवळ्या पानांवर सुटी सुटी ठेवलेली फिकट पिवळी, गोल अंडी त्यांना सापडली. पुढे बाहेर आलेल्या अळ्या तपकिरी व पांढऱ्या रंगाच्या, पक्ष्याची विष्ठा पानावर पडल्याप्रमाणे दिसणाऱ्या होत्या. अंगणवाडीच्या ताई वर्षानुवर्षे त्या झाडाची पाने खुडत होत्या, तरी ती घाण समजून पाने टाकून देत असल्याचे त्यांनी सांगितले. कात टाकत टाकत अळ्या मोठ्या झाल्या आणि शेवटच्या कातीनंतर हिरव्यागार झाल्या, म्हणजे लहानपणी विष्ठेचे आणि मोठेपणी पानाचे सोंग घेऊन त्यांनी पक्ष्यांची नजर चुकवली. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लाल रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो, हे पुस्तकात वाचलेले होते आणि तसेच घडले.

सगळेच पुस्तकाच्या क्रमाने घडले असे नाही. एका कोषातून फुलपाखराऐवजी बारीक परजीवी माश्यांचा थवा बाहेर पडला आणि ज्या मुलीने त्या कोषाची रोज देखभाल केली होती ती फार दुःखी झाली. त्या रविवारी ठरवलेला विषय बाजूला ठेवून आम्ही परजीवी कीटकांविषयी वाचले. फुलपाखराच्या मादीने घातलेल्या सर्वच अंड्यांची फुलपाखरे झाली असती तर कढीपत्त्याला आणि लिंबाला पानेच उरली नसती, आणि त्या बारीक माश्याही रानाच्या तितक्याच हक्काच्या रहिवासी आहेत, हे तिने ऐकून घेतले. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. निसर्गाची पुस्तके मुलांसाठी लिहिताना असे भाग गाळण्याची जी प्रथा आहे ती मला मान्य नाही. मूल जे परसात पाहणार आहे ते पुस्तकाने लपवले, तर मूल पुस्तकावरचा विश्वास गमावते.

उरलेल्या कोषांतून जी फुलपाखरे निघाली त्यांनी नवा प्रश्न उभा केला. एकाच झाडावर वाढलेल्या अळ्यांच्या माद्या एकसारख्या नव्हत्या: काही नरासारख्या काळ्या व पांढऱ्या पट्ट्याच्या, तर काहींच्या मागच्या पंखांवर लाल ठिपके आणि मध्ये पांढरा डाग. हा दुसरा प्रकार कॉमन रोझ या निराळ्या फुलपाखरासारखा दिसतो. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या विषारी वेलीवर वाढते आणि ते विष अंगात साठवते, त्यामुळे एकदा तोंड पोळलेले पक्षी त्या रंगाच्या फुलपाखराला पुन्हा शिवत नाहीत. कॉमन मॉरमॉनच्या अंगात असे विष नसते, पण रंग उसना घेतल्यामुळे तिलाही संरक्षण मिळते. हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून अशा नकलेचे स्पष्टीकरण १८६२ साली मांडले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. आणि ज्या लेखकाचे पुस्तक आम्ही वाचत होतो त्याच कुंटे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले, की या फुलपाखराच्या माद्यांची ही निरनिराळी रूपे डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या नियंत्रणाखाली आहेत. परसातल्या कढीपत्त्यापासून निघालेली चौकशी आजच्या जनुकशास्त्रापर्यंत अखंड जाते, हे मुलांना समजावणे मला नोकरीच्या सर्व वर्षांत जितके साधले नव्हते तितके या एका झाडाने साधले.

सीमाभागात राहण्याचा एक मोठा लाभ असा, की आमच्या मुलांना दोन भाषांची कपाटे उघडी असतात. मराठी वाचनालयात कन्नड पुस्तके ठेवण्याची प्रथा नव्हती. परंतु बैठकीला येणाऱ्या दोन मुली कन्नड माध्यमात शिकत होत्या आणि त्यांनी आपल्या शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके आणण्याची तयारी दाखवली. शिवराम कारंत यांच्यासारख्या थोर कादंबरीकाराने १९३६ सालीच मुलांसाठी 'बालप्रपंच' हा ज्ञानकोश लिहिला होता, आणि मूडिगेरे येथे शेती करीत राहिलेल्या पूर्णचंद्र तेजस्वी यांनी पक्षी, कीटक, जंगल यांविषयी कन्नडमध्ये विपुल लिहिले, ही माहिती आमच्यातील अनेकांना नवीन होती. तेजस्वींची १९८० साली आलेली 'कर्वालो' ही कादंबरी एका उडत्या सरड्याच्या शोधाभोवती फिरते. त्या मुली एकेक परिच्छेद कन्नडमध्ये वाचत आणि लगेच मराठीत सांगत. ऐकता ऐकता रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "हा सरडा आम्ही लोंढ्याकडच्या रानात पाहिलाय. झाडावरून पान गळून आल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या खोडावर जाऊन चिकटतं." मग प्राणिशास्त्राची पुस्तके काढून वाचले, की हा सरडा पंखांनी उडत नसून लांब वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या कातडीच्या आधारे तरंगत उतरतो, त्याचा मुख्य आहार मुंग्या असतो, नराच्या गळ्याखाली पिवळा पडदा असतो आणि मादी अंडी घालण्यासाठीच जमिनीवर येते. हिवाळा संपताना एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या सुपारीच्या बागेत आम्हाला तो दिसला. खोडावर तो इतका बेमालूम मिसळून जातो, की गळ्याचा पिवळा पडदा हलेपर्यंत बोट दाखवूनही मुलांना तो दिसेना. वाचनालयात आता कन्नड पुस्तकांचा एक खण आहे, आणि समितीने तो एकमताने मंजूर केला याचा मला अभिमान आहे.

पुस्तकाचे प्रकाशनवर्ष का पाहावे, हे मुलांना पटवण्यासाठी मी आमच्याच तालुक्यातील एका वटवाघळाचे उदाहरण घेतले. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून १९१२ साली मिळालेल्या नमुन्यांवरून ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली या जातीचे वर्णन केले आणि तिला रॉटन यांचे नाव दिले. रॉटन हे वनखात्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेव्हा हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणामागे त्यांची प्रेरणा होती. मोठे कान आणि मानेवर-खांद्यांवर फिकट पट्टा असलेले हे कीटकभक्षी वटवाघूळ पुढे कित्येक दशके जगात केवळ याच ठिकाणी असल्याचे मानले जात होते, आणि जुन्या पुस्तकांत तसेच छापलेले आढळते. त्यानंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. म्हणजे जुने पुस्तक लिहिले गेले तेव्हा त्यात तेव्हाचे खरे लिहिलेले होते, आणि आज तेच वाक्य जसेच्या तसे उचलणारा लेखक वाचकाला अपुरे सांगत असतो. दुर्दैवाने असे उचललेले वाक्य आजही भाषणांत आणि वृत्तपत्री लेखांत भेटते. आमच्या भूमीचे महत्त्व त्याने वाढते असे लिहिणाऱ्यांना वाटत असावे, पण जातीची पहिली ओळख जगाला या गुहांतून झाली, एवढी खरी गोष्टच पुरेशी मोठी आहे. हा परिसर २०११ साली घोषित झालेल्या सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्याचा भाग आहे. मुलांनी गुहा पाहण्याचा हट्ट धरला होता, पण माणसांच्या वावराने वटवाघळांच्या वसतीला धक्का पोहोचतो हे आम्ही वाचलेले असल्यामुळे तेथे न जाण्याचे सर्वांनी मिळून ठरवले. प्रत्येक वाचनाचा शेवट प्रत्यक्ष पाहण्यात व्हावाच असे नाही, हेही वाचनातूनच शिकायचे असते.

सापांविषयीची प्रकरणे आम्ही सुगीच्या आधी घेतली, कारण भातकापणीच्या वेळी त्यांचा खरा उपयोग असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ओळखणे, दंश झाल्यावर वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठणे, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस या चारांच्या विषावरच तयार केलेली असल्यामुळे रानातल्या हिरव्या चापड्याच्या दंशावर ती उपयोगी पडत नाही हे जाणून असणे, एवढ्यावर आम्ही भर दिला. धामण गाईचे दूध पिते ही समजूत मात्र सहजी जात नाही. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्यास योग्य नसते हे चित्रासह वाचूनही दोघा-तिघांनी मान हलवली नाही, आणि मी तो वाद तेथेच थांबवला.

झाडांच्या बाबतीत पुस्तकांची मर्यादा अधिक जाणवली. वनस्पतीच्या पुस्तकांत ओळख बहुधा फुलावरून दिलेली असते, आणि मोठ्या वृक्षाची फुले वर्षातले थोडे दिवस, तीही उंचावर असतात. रानातून हिरडा, शिकेकाई गोळा करणाऱ्या बायका साल, पानाचा देठ, पडलेली फळे आणि लाकडाचा वास यांवरून झाड क्षणात ओळखतात. ऐन आणि किंजळ ही दोन झाडे एकाच वंशाची. ऐनाची साल मगरीच्या पाठीप्रमाणे खोल भेगांनी चौकटी पडलेली असते, पानाच्या खालच्या बाजूस देठाजवळ दोन गाठी असतात आणि फळाला पाच पंख असतात. किंजळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या किंदळाच्या, तीन पंखांच्या लालसर फळांचे घोस पावसाळ्यानंतर सारी टेकडी रंगवून टाकतात. हे सारे एका मावशींनी दोन झाडांमध्ये उभे राहून दाखवले, आणि आम्ही ते पुस्तकातील वर्णनाशी जुळवून पाहिले तेव्हा एकही मुद्दा खोटा ठरला नाही. फक्त गाठी त्यांनी दाखवल्या नव्हत्या. त्या पुस्तकाने दाखवल्या, आणि मावशींनी पान उलटून त्या लक्षपूर्वक पाहिल्या. मोबाइलवर फोटो घेऊन क्षणात नाव सांगणाऱ्या सोयी आता मुलांच्या हाती आहेत आणि त्या वापरू नयेत असे मी म्हणत नाही, पण नाव मिळाल्यावर हे नाव कशावरून, असा प्रश्न त्या सोयी विचारायला लावत नाहीत.

मराठीत आज जी उणीव आहे ती याच ठिकाणी आहे. कणकुंबी ते नागरगाळी या पट्ट्यातील झाडे साल, पान, फळ यांवरून ओळखायला शिकवणारे, स्थानिक मराठी नावांबरोबर कन्नड आणि शास्त्रीय नावे देणारे, आणि खिशात मावणारे मराठी पुस्तक मला कोठे मिळालेले नाही. आमच्या वह्यांतून त्याची काही पाने तयार होत आहेत. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव असते. ज्या नोंदी एकाच व्यक्तीने पाहिल्या त्या वेगळ्या पानावर राहतात, आणि दुसऱ्या कोणी त्या झाडापाशी जाऊन खात्री केल्याखेरीज मुख्य वहीत उतरवल्या जात नाहीत. कन्नड नावांची तपासणी त्या दोन मुली करतात आणि शास्त्रीय नावे एका महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पाहून देतात. सध्या कारवीचे पान अर्धे लिहून ठेवले आहे, कारण ती सात-आठ वर्षांतून एकदाच सामुदायिकपणे फुलते आणि बी धरून वाळून जाते. आमच्या बाजूच्या उतारावरील कारवी पुढे कोणत्या वर्षी फुलेल, याविषयी गावातील जाणत्यांची मते जुळत नाहीत, म्हणून त्या रकान्यात प्रत्येकाचे मत त्याच्या नावासह नोंदवले आहे आणि वर्षाची जागा मोकळी सोडली आहे.